अमात्य कोंडला कसा आणि टिकला कसा: कॅम्पेनआधी करायची तयारी

‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’सारख्या, टेबलाभोवती बसून गोष्ट रचत खेळायच्या खेळाच्या कॅम्पेनमध्ये (अनेक सेशन, म्हणजे बैठका, चालणाऱ्या गोष्टीत) शेकडो वर्षं कोंडलेला खलनायक आणणार असाल, तर सगळ्यात आधी एका प्रश्नाचं उत्तर एका ओळीत कागदावर उतरवा: हरवता येत होतं, तर मारलं का नाही? खेळाडू हा प्रश्न विचारणारच. तिसऱ्या सेशनला विचारतील किंवा तेराव्याला, पण विचारतील. तेव्हा डीएमकडे (डन्जन मास्टर, म्हणजे खेळ चालवणाऱ्याकडे) तयार उत्तर नसेल, तर शेकडो वर्षांची कैद ही नुसती सजावट वाटते. आमच्या टेबलावर खलनायक आहे एक अमात्य, जुन्या राज्याचा हिशेबनीस मंत्री. मरण चुकवण्यासाठी तो लिच झाला, म्हणजे मंत्रबळाने मेल्यावरही वावरणारा मांत्रिक. नियम आम्ही ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’च्या २०१४ च्या पाचव्या आवृत्तीचे वापरतो, म्हणून पुढचे आकडे तिथले आहेत. त्या नियमांत लिचचं शरीर तुम्ही कितीही वेळा तोडा; त्याची फिलॅक्टरी (आत्मा ठेवलेली वस्तू) शाबूत असेल तर १ ते १० दिवसांत तिच्या शेजारीच तो नव्या शरीरासह उभा राहतो. म्हणजे मारणं निरुपयोगी होतं, कोंडणं भाग होतं. पण ‘फिलॅक्टरी सापडली नाही’ एवढ्यावर थांबू नका. कुणी शोधली, कुठपर्यंत पोचले आणि शोध का सोडला, हेही लिहा. शोधणारा वारला, राजाचा खजिना संपला, की फिलॅक्टरी कुठे आहे हे कळूनही तिला हात लावायला कुणी धजावलं नाही? तिसरं कारण मला सगळ्यात जवळचं वाटतं, कारण त्यात एका माणसाचा निर्णय आहे, आणि खेळाडू तो उलटवू शकतात.

मग कैदेचा प्रकार ठरवा. नवव्या पातळीचा ‘इम्प्रिझनमेंट’ हा मंत्र यासाठी अगदी नेमका आहे. त्यात पाच वाटा आहेत: जमिनीच्या पोटात खोल गोलात पुरणं, साखळदंड, वेगळ्या छोट्याशा जगात कोंडणं, इंचभर करून रत्नात बंद करणं आणि न मोडणारी झोप. यातली निवड सहज म्हणून करू नका, कारण अमात्याचा स्वभाव तिच्यावर ठरतो. झोपलेला अमात्य उठतो तो कालचा माणूस म्हणून. रत्नातला अमात्य जागा असतो. रत्नातून प्रकाश आरपार जातो, त्याला बाहेरचं दिसतं, बाहेरच्यांना तो दिसतो. शेकडो वर्षं एकाच ओसरीकडे बघत बसलेला माणूस गावातल्या प्रत्येक घराण्याची नाकं-डोळे ओळखतो. मी हीच वाट घेतली. रत्न एका पडक्या मठातल्या समईच्या ठाणवईत बसवलेलं आहे.

खर्चाचा हिशेब मांडायला विसरू नका, गोष्ट तिथेच सापडते. या मंत्राला कैद्याच्या प्रत्येक हिट डायमागे (जीवशक्ती मोजायच्या फाशामागे) ५०० सोन्याच्या नाण्यांचं साहित्य लागतं. लिचचे हिट डाय १८, म्हणजे ९,००० नाणी. शिवाय लिच दिवसातून तीनदा फसलेला बचाव (मंत्र टाळण्यासाठी टाकलेला फासा) यशस्वी करून घेऊ शकतो, आणि एकदा बचावला की त्याच मांत्रिकाचा हा मंत्र त्याच्यावर पुन्हा कधीच चालत नाही. याचा अर्थ असा की त्या रात्री अमात्याचे तिन्ही बचाव संपवायला कुणीतरी पुढे झालं, आणि बहुधा मेलं. नंतर मांत्रिकाला एकच संधी मिळाली. ज्यांनी ते तीन बचाव संपवले त्यांची नावं ठरवा. गावातल्या तीन वीरगळांवर ती कोरलेली असू द्या. खेळाडू पहिल्याच सेशनला त्यांच्याजवळून जातील.

आता भुकेचा मुद्दा. तो पुष्कळांच्या लक्षात येत नाही. लिचला आपल्या फिलॅक्टरीला अधूनमधून आत्मे द्यावे लागतात. नाही दिले तर शरीराची माती होते आणि मागे उरते फक्त कवटी. मग इतकी वर्षं बंद असलेल्या अमात्याला आत्मे कुणी दिले? मंत्राखाली कैद्याला अन्न, पाणी, श्वास लागत नाही आणि वयही वाढत नाही. त्यामुळे भूकही थांबली, असं डीएम ठरवू शकतो. मी तसंच ठरवलं आहे, पण एक अट घालून: थांबलेली भूक माफ झालेली नाही. सुटल्या दिवशी सगळी थकबाकी एकदम अंगावर येणार. त्यामुळे पहिले दोन दिवस अमात्य राज्य मिळवायला निघत नाही, तो फिलॅक्टरीकडे धाव घेतो. खेळाडूंना पळायला आणि विचार करायला तेवढाच वेळ मिळतो. दुसरा पर्याय काळाकुट्ट आहे: राखणदारच त्याला माणसं पुरवत होते. हा घ्यायचा असेल तर आधी सगळ्यांना विचारून घ्या, टेबलावर कुणाला तो सोसणार नाही. एक तपशील मात्र दोन्हीकडे उपयोगी पडतो. लिच आत्मे अडकवतो तो याच मंत्राने, आणि फिलॅक्टरीत अडकलेला जीव २४ तासांत कायमचा नष्ट होतो. ज्या मंत्राने अमात्याने माणसं संपवली त्याच मंत्राने तो स्वतः कोंडला गेला, हे त्याला क्षणभरही विसरता येत नाही.

यानंतरची तयारी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, आणि नेमकी तीच राहून जाते. मंत्र करताना मांत्रिकाला सुटकेची अट सांगता येते. ती सांगितली तर वाजवी आणि प्रत्यक्षात घडू शकेल अशीच हवी. आमच्या मांत्रिकाने ती मुद्दाम सांगितली. अमात्याला लोकांनी विसरू नये, असं त्या मांत्रिक बाईला वाटत होतं. तेव्हा नुसती भिंत उभी केली असं समजू नका. कैद रोज कुणीतरी चालवत ठेवावी लागते, आणि तिचा खर्च कुणाच्या तरी अंगावर पडतो. तो कुणाच्या, हे शोधा. आमच्याकडे अट अशी आहे: समईतलं तेल संपेल त्या दिवशी अमात्य सुटेल.

तेल कुठून यायचं? इथे खान्देशातच पक्का नमुना आहे. चाळीसगावजवळच्या पाटणला शके ११२८, म्हणजे इसवी सन १२०७ च्या सुमाराचा शिलालेख आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी मठ काढला आणि निकुंभ घराण्यातल्या राजांनी त्याला दान दिलं, याची ती नोंद. लेखाचा शेवटचा भाग जुन्या मराठीत आहे, आणि त्यात बाजाराच्या उत्पन्नातला वाटा, घाण्यामागे तेल असा अगदी व्यवहारी तपशील येतो. तुमच्या कैदेला असाच दानलेख द्या. ‘इथे महाभयंकर राक्षस कोंडला आहे’ असं खोदलेला दगड खेळाडूंनी हजारदा पाहिलेला असतो. ‘या पेठेत जेवढे घाणे फिरतील, तेवढ्यांनी समईला पळीभर तेल द्यावं’ असा दगड सापडला, की खेळाडू पेठेत जाऊन घाणे मोजायला लागतात. आणि पेठेत आता एकच घाणा उरलेला असतो. व्यापाराचा रस्ता बदलला, तेली गाव सोडून गेले. कुणी दुष्टपणा केला नाही, कुणी सील फोडलं नाही. अमात्य सुटतोय तो एवढ्याच कारणाने. ‘आत्ताच का सुटला?’ या प्रश्नाला यापेक्षा चांगलं उत्तर मला अजून सापडलेलं नाही.

काळ ठरवताना ‘हजार वर्षं’ असा गोल आकडा टाकू नका. राज्यं बदलली की प्रत्येक वेळी किल्ल्या कुणाच्या हाती गेल्या, ते लिहीत चला. आपल्याच मुलखाकडे बघा: यादव गेले, दिल्लीची सत्ता आली, १३८२ पासून फारुकी, जानेवारी १६०१ मध्ये अकबराने असिरगड घेतला आणि फारुकी संपले, पुढे मराठे, १८१८ मध्ये इंग्रज. पाटणच्या लेखाच्या काळी लावलेली समई असती, तर इतक्या हातांतून गेली असती. तुमच्या काल्पनिक राज्यालाही असे चार-पाच बदल द्या आणि प्रत्येकाखाली एकच ओळ लिहा: जुन्या राखणदाराने नव्याला काय सांगितलं, आणि काय सांगायचं राहिलं. पहिल्याने सगळं सांगितलं. दुसऱ्याने अमात्याचं नाव गाळलं, कारण ते घेणं अशुभ. तिसऱ्याला कळलं ते फक्त ‘दिवा विझू देऊ नका’. चौथ्याकडे उरलं तेलाचं माप. या ओळी झाल्या की तुमचे पुरावे आपोआप तयार होतात, आणि एकमेकांशी पूर्ण न जुळणारेही होतात. बुऱ्हाणपूरच्या जामा मशिदीत अरबी आणि संस्कृत असे दोन्ही लेख आहेत. तशी दोन लिप्यांतली नोंद हँडआउट (खेळाडूंच्या हाती द्यायचा कागद) म्हणून द्या, दोन्हींत एक तपशील वेगळा ठेवा. एका बाजूला शक, दुसऱ्या बाजूला हिजरी सन घाला. शकात ७८-७९ मिळवले की इसवी सन येतं, हे एखादा खेळाडू स्वतःहून ओळखतो तेव्हा टेबलावरचा उत्साह बघण्यासारखा असतो.

राखणदाराचं घराणं उभं करायचं असेल तर त्याला वंशपरंपरेचा शाप लावू नका. त्याला सालदार करा. आपल्याकडे सालदाराचं, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या गड्याचं, साल आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) ठरतं, पुढच्या आखाजीपर्यंत. पैसे, धान्य, सगळं बोलून होतं. समईचा राखणदारही दर आखाजीला गावाशी नव्याने बोली करतो. सोडायचा हक्क त्याला आहे, आणि तरी त्याच्या घरातले लोक पिढ्यानपिढ्या राहिले. का राहिले, ते ठरवा. मी ही भूमिका एका म्हातारीला दिली आहे. तिला विचारलं तर ती एवढंच सांगते, “आमना बाप टाके, म्हनीसन आम्ही टाकतस.” तिचा मुलगा शहरात गेला आहे आणि या आखाजीला बोली करायला कुणी आलेलं नाही. हे पात्र तयार करायला वेळ द्या. अमात्यापेक्षा जास्त द्या.

एक काळजी मनापासून घ्या. मरण चुकवलेल्या किंवा मरण नाकारलेल्या माणसांच्या कथा आपल्या भागात जिवंत आहेत. तापी-पूर्णेच्या संगमावरचे योगी चांगदेव (पाटणच्या लेखातले नव्हेत) योगबळाने चौदाशे वर्षं जगले असं सांगतात, आणि पुढे मुक्ताबाईंनी त्यांना उपदेश केला. सातपुड्यात धडगावकडे अस्तंब्याचा डोंगर आहे. दिवाळीत तिथे यात्रा भरते, आणि तो अश्वत्थाम्याचा डोंगर मानतात. कपाळावरचा मणी काढून घेतलेला, जखम घेऊन तीन हजार वर्षं भटकण्याचा शाप मिळालेला अश्वत्थामा. यातून रचना शिका: भिंतीशिवायही कैद असते, आणि सगळ्यांनी टाळलेला माणूस मोकळा फिरला तरी कैदीच राहतो. पण ही नावं, ही ठिकाणं खलनायकाला चिकटवू नका. लोक तिथे श्रद्धेने डोंगर चढतात. आपला अमात्य आपण घडवावा.

अमात्य आत बसून काय करत होता, त्यावर अर्धं पान पुरे. त्याला माहीत असलेला नकाशा जुना आहे. नदीने पात्र बदललंय, त्याने लावलेला कर आता कुणी भरत नाही, त्याच्या राजाच्या वंशाचं नाव कुणाला आठवत नाही. रत्नातून दिसलं तेवढं मात्र त्याला आजचं ठाऊक आहे: ती ओसरी, ती म्हातारी. म्हणून तो जगाबद्दल चुकतो, पण तिच्याबद्दल कधीच चुकत नाही. त्याला हरवायची वाट इथून काढता येते, आणि त्याची भीतीही इथूनच वाटते. बाहेरचे मांत्रिक त्याचा माग काढायला बघतील, तर कैदेत असेपर्यंत शोधमंत्रांना तो सापडत नाही. हे आधीच टिपून ठेवा, नाहीतर ऐन सेशनमध्ये पुस्तक चाळत बसाल.

सेशनची आखणी करताना सगळा इतिहास अमात्याच्या तोंडी एका भाषणात घालू नका. दानलेख, वीरगळ, म्हातारी, शेवटचा घाणेवाला, दोन लिप्यांची नोंद अशा पाच जागी तो विभागून ठेवा. कोणत्याही तीन सापडल्या तरी गोष्ट कळली पाहिजे. पुण्या-मुंबईहून मंडळी सुटीला घरी येतात, थंडीत शेतात भरताचा बेत असतो, आणि रात्री फासे निघतात. अशा सेशनमध्ये दोन महिन्यांपूर्वीचा धागा कुणाला आठवत नाही. म्हणून प्रत्येक पुरावा हातात धरता येईल असा करा: कागद, ठसा, तेलाची पळी. पळी तर खरीच आणा, स्वयंपाकघरात असतेच.

शेवटची तयारी त्यांच्या निवडीची आहे. खेळाडू फिलॅक्टरीपर्यंत पोचले तर ती कशाने फुटते, ते ठरवलेलं असू द्या. साधी तलवार तिथे पुरत नाही, खास विधी किंवा खास शस्त्र लागतं. ते नाही मिळालं तर पुन्हा कोंडणं हाच मार्ग राहतो, आणि तेव्हा म्हातारी विचारेल, “आते तेल कोण टाकी?” त्या वेळी नव्या बोलीचा कागद हाताशी हवा. त्यावर लिहा: समई, रोज किती तेल, कोणत्या आखाजीपासून, गावाकडून काय मिळणार. राखणदाराचं नाव लिहू नका. एखादा खेळाडू आपल्याच पात्राचं नाव घालेल, दुसरा पेठेत नवे घाणे बसवायची गोष्ट काढेल, तिसरा म्हणेल की गावाने पाळी लावावी. तिन्हींसाठी पुढच्या सेशनच्या दोन-दोन ओळी आधीच लिहून ठेवा, आणि घाण्याच्या ओळी जरा जास्त, कारण त्या वाटेने गेले तर तेली शोधायला त्यांना तीन गावं फिरावी लागतील.