वाऱ्याचं गणित मांडताना या चुका टाळा

पवनचक्क्या म्हटलं की सातारा, सांगली, धुळे आठवतात. विदर्भात लोक फार तर चिखलदऱ्याकडे बोट दाखवतात. तरी आमच्या तालुक्याच्या कॉलेजात दरवर्षी एखादा गट 'आपल्या गावात पवनचक्की परवडेल का' हा प्रकल्प घेतोच, आणि घ्यावाही. फक्त जिथे वारा जेमतेम, तिथे हिशेबातली ढिलाई खपत नाही. वाऱ्यातली ऊर्जा वेगाच्या घनाप्रमाणे वाढते. वेग 10 टक्क्यांनी जास्त धरला की ऊर्जा 33 टक्क्यांनी फुगते.

सरासरी वेगाचा घन

एका गावात दिवसभर सेकंदाला 4 मीटर वारा आहे. दुसऱ्या गावात अर्धा दिवस 2 आणि अर्धा दिवस 6. सरासरी दोन्हीकडे 4. आता घन करा. पहिल्याकडे 64, दुसऱ्याकडे 8 आणि 216 यांची सरासरी, म्हणजे 112. तेव्हा आधी घन, मग सरासरी. कोणता वेग किती वेळा येतो ते सांगणारा वक्र, म्हणजे वायबुल वितरण, वाऱ्यासाठी वापरतात ते यासाठीच. त्यातला आकाराचा आकडा वारा किती चढउताराचा आहे ते सांगतो. तो 2 असेल तर सरासरीच्या घनाला 1.91 ने गुणावं लागतं.

घनही शेवटपर्यंत चालत नाही. चक्की साधारण सेकंदाला 3 मीटर वेगाला वीज देऊ लागते आणि 12 च्या आसपास पूर्ण क्षमतेला पोचते. पुढे वारा कितीही वाढो, वीज तेवढीच. मोठ्या चक्क्या 25 च्या सुमारास थांबतात. म्हणून कंपनीने दिलेला वीज-वक्र (कोणत्या वेगाला किती वीज) घ्या आणि प्रत्येक वेगाचे तास त्याच्याशी गुणा.

शून्यं आली कुठून?

इथे जरा थांबतो, कारण सगळ्यात जास्त प्रकल्प इथेच फसतात. दोन वर्षांपूर्वी एका गटाने गावातल्या घराच्या गच्चीवर खांब उभारून कप-मापक, म्हणजे वाऱ्याने फिरणाऱ्या कपांचा वेगमापक, लावला. डेटात शून्यं भरपूर. वायबुल बसवताना लॉग घ्यावा लागतो, शून्याचा लॉग निघत नाही, म्हणून पोरांनी सगळ्या शून्यांच्या जागी 0.01 घातलं. आकाराचा आकडा 1 च्या खाली घसरला. मी विचारलं तर म्हणाले, "सर, आपल्याकडे वाराच तसा आहे."

गच्चीवर गेलो. घरमालक खालून ओरडले, "सर, थे चक्री त लय दिवसापासून फिरूनच नाई राह्यली!" वर चढून पाहिलं तर कपांच्या दांड्याखाली कुंभारीण माशीने मातीचं घर बांधलेलं. मापक जाम, आणि यंत्र इमानदारीने शून्य लिहीत होतं.

शून्यं तीन प्रकारची असतात. खरी शांतता, मापक फिरू लागण्याच्या वेगाहून कमी वारा, आणि बिघाड. ओळखायची युक्ती सोपी: वेग तासन् तास शून्य, पण दिशादर्शक मात्र वळतोय, तर मापक अडकलाय. ते तास कोरे ठेवा. पहिल्या दोन प्रकारांचा वाटा वेगळा काढा, उरलेल्या वेगांवर वायबुल बसवा आणि ऊर्जेला उरलेल्या वाट्याने गुणा. साय-पाय (पायथनमधली गणिताची लायब्ररी) वापरत असाल तर लोकेशन, म्हणजे वक्र जिथून सुरू होतो तो वेग, शून्यावर बांधून ठेवा. नाहीतर आकार आणि पट्टी या दोन आकड्यांखेरीज ते मनानेच हा तिसरा आकडा शोधतं आणि कधीकधी उणे वेगापासून सुरू होणारा वारा देतं.

कोऱ्या जागांचीही एक गोम आहे. आमच्याकडे नोंदयंत्र बंद पडतं ते जूनमधल्या वादळात, वीज कडाडल्यावर. म्हणजे गेलेले तास बहुधा जोराच्या वाऱ्याचे. ते सोडून काढलेली सरासरी वाऱ्यावर अन्याय करते.

बारा महिन्यांना एकच वक्र

पावसाळ्यातला पश्चिमेचा वारा आणि डिसेंबरमधली गपगार पहाट एकाच वक्रात कोंबली की वक्र दोघांशीही खोटं बोलतो. ऋतूप्रमाणे वेगळे वक्र बसवा, मग तासांच्या प्रमाणात एकत्र करा. आणि एका वर्षाच्या मोजणीवर वीस वर्षांचा हिशेब मांडू नका. इरा-5 या जगभरच्या हवामान-नोंदसंचाचा तासातासाचा डेटा 1940 पासून फुकट मिळतो. तुमच्या वर्षाशी त्याचं नातं जुळवून लांबचा अंदाज काढता येतो. मात्र त्याची एक चौकट साधारण 30 किलोमीटरची, तिला तुमची टेकडी दिसत नाही. शिवाय त्या डेटाची वेळ आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. ती न बदलल्यामुळे दुपारचा वारा सकाळी वाहणारे अहवाल मी वाचलेत.

'वक्र छान बसला' याचा पुरावा म्हणून जुळणीचा (आर-वर्ग) 0.99 चा आकडा देऊ नका. साठत जाणाऱ्या वारंवारतेच्या आलेखावर जवळजवळ काहीही छान बसतं. उलट वक्र डेटाशी जुळतो का ते तपासणारी कोल्मोगोरोव्ह-स्मिर्नोव्ह कसोटी जवळजवळ सगळंच नापास करते, कारण लागोपाठचे तास एकमेकांसारखे असतात आणि कसोटी त्यांना 8,760 स्वतंत्र साक्षीदार समजते. त्यापेक्षा वक्रावरून आलेली वर्षाची वीज आणि थेट डेटावरून आलेली वीज शेजारी ठेवा. फरक किती, ते बघा.

झटपट तपासा

ताशी किलोमीटर असेल तर 3.6 ने भागलंय ना? 350 आणि 10 अंश या दिशांची सरासरी 180 तर आली नाही? उत्तरेचा वारा असा दक्षिणेचा होतो. हवेची घनता डोळे झाकून घनमीटरला 1.225 किलो घेतलीय का? ती समुद्रसपाटीची, 15 अंश तापमानाची. मे महिन्यातल्या 45 अंशांत, 300 मीटर उंचीवर ती 1.07 च्या आसपास येते.

उंचीचा घातांक

मोजणी 10 मीटरवर, चक्की 50 वर, आणि मधलं अंतर पुस्तकातल्या 0.14 या घातांकाने भरलेलं (उंची जितकी पट, तिचा एवढा घात म्हणजे वेगाची पट). हिवाळ्यात हरभऱ्याच्या जागलीला बसलेल्यांनी पाहिलं असेल: शेकोटीचा धूर सरळ वर जातो आणि एका उंचीवर अचानक आडवा होतो. खाली पान हलत नाही, वर वारा चालूच. रात्री घातांक मोठा असतो, दुपारी जमीन तापली की लहान. नांगरलेलं उघडं रान आणि डोक्याएवढी तूर यांतही फरक पडतो. 10 मीटरवर वेग 4 असेल तर 0.14 ने 50 मीटरवर 5 येतात, 0.25 ने जवळजवळ 6. ऊर्जेत दीडपटीहून जास्त तफावत. खांबावर दोन उंचींना मापक लावा आणि घातांक स्वतः काढा, दिवसाचा वेगळा, रात्रीचा वेगळा. एकच मापक परवडत असेल तर अहवालात दोन्ही घातांकांची उत्तरं लिहा.