एफटीसी रोबोटचा ऑटो निवडायचा मेनू: दहा फाइल्स नकोत, एकच पुरे

एफटीसी म्हणजे फर्स्ट टेक चॅलेंज, विद्यार्थ्यांची रोबोट स्पर्धा. तिथे बऱ्याच टीम्सच्या ड्रायव्हर स्टेशनवर (रोबोटशी जोडलेलं हातातलं उपकरण) ऑटोनॉमसची, म्हणजे मॅचच्या सुरुवातीला रोबोट माणसाशिवाय नुसत्या कोडवर चालतो त्या भागाची (थोडक्यात ऑटो), यादी उघडली की रेड लेफ्ट, रेड लेफ्ट न्यू, ब्लू राइट फायनल, ब्लू राइट फायनल 2 अशी लांबलचक रांग दिसते. निम्म्या फाइल्स एकमेकांच्या कॉपी-पेस्ट, त्यामुळे एकीत आर्मची उंची बदलली की दुसरीत बदलायची राहतेच आणि मग रेडवर मस्त चालणारा रोबोट ब्लूवर भलतंच काहीतरी करतो. त्यापेक्षा ऑटो एकच लिहा आणि इनिट (मॅचआधी प्रोग्राम तयार ठेवायचं बटण) दाबल्यावर गेमपॅडवरून त्याला प्रश्नांची उत्तरं द्या.

आता प्रश्न कुठले? रँडमायझेशनच्या (दर मॅचला फील्डवरची काही मांडणी नशिबावर ठरते, त्याच्या) आधी माणसाला जे माहीत असतं तेवढंच मेनूत घ्यायचं. खेळ दर सीझनला बदलतो; 2023-24 च्या सेंटरस्टेजमध्ये प्रॉप (टीमची खुणेची वस्तू) कुठल्या स्पाइक मार्कवर (जमिनीवरची टेपची पट्टी) आहे किंवा 2025-26 च्या डीकोडमध्ये ऑबेलिस्कवर (फील्डजवळचा खांब) कुठला मोटिफ (रंगांचा क्रम) आलाय हे तुम्ही रोबोट ठेवून हात काढल्यावर ठरतं, ते कॅमेऱ्याचं काम. माणसाने सांगायचं ते एवढंच: अलायन्स (रेड की ब्लू बाजू) कुठला, सुरुवात कुठून, किती सेकंद थांबायचं, पार्क कुठे.

यातला किती सेकंद थांबायचं हा प्रश्न नवीन टीम्स हमखास विसरतात. क्वालिफिकेशन मॅचेसमध्ये पार्टनर (तुमच्या अलायन्समधली दुसरी टीम) दर मॅचला वेगळा, आणि त्याचा ऑटो नेमका तुमच्याच रस्त्यावरून जाणारा असला तर 3-4 सेकंद उशिरा निघणं हाच शहाणपणा. सेंटरस्टेजमध्ये प्रेक्षकांच्या बाजूने निघणाऱ्या रोबोटला बॅकड्रॉपपर्यंत (पॉइंट मिळवायचा फळा) जावं लागायचं, तिथे पार्टनर आधीच उभा! फक्त ऑटो 30 सेकंदांचाच आहे हे लक्षात ठेवा, म्हणजे थांबलेला वेळ त्यातूनच जातो, म्हणून डिलेला वरची मर्यादा घाला.

कोडमध्ये लिनियर ऑपमोड (वरून खाली ओळीने चालणारा प्रोग्रामचा प्रकार) वापरत असाल तर 'ऑपमोड इन इनिट' खरं आहे तोवर फिरणारा व्हाइल लूप लिहा, त्यात बटणं वाचा, टेलिमेट्री (ड्रायव्हर स्टेशनच्या स्क्रीनवरची माहिती) दाखवा आणि शेवटी टेलिमेट्री अपडेट करा, नाहीतर स्क्रीनवर काहीच बदलणार नाही. हा लूप सेकंदाला कितीतरी वेळा फिरतो, त्यामुळे डीपॅड (गेमपॅडवरचं चार दिशांचं बटण) एकदा दाबला तरी डिले 0 वरून थेट टोकाला पोचतो. म्हणून बटणाची मागच्या फेरीतली स्थिती साठवून ठेवा आणि 'मघाशी दाबलं नव्हतं, आत्ता दाबलंय' असं असेल तेव्हाच आकडा वाढवा.

अलायन्ससाठी लॉजिटेकच्या एफ310 गेमपॅडवर एक्स बटण निळं आणि बी लाल असतं, तेच घ्या, कुणाला शिकवावं लागत नाही. बाकी सगळं डीपॅडवर. ए ला काहीच देऊ नका, कारण गेमपॅड 1 जोडायला स्टार्ट आणि ए एकत्र दाबावं लागतं आणि त्या दाबण्यात एखादा पर्याय गुपचूप बदलू शकतो.

ब्लूचे पाथ (रोबोटने जायचे रस्ते) वेगळे लिहायचे नाहीत, रेडचेच उलटवायचे, पण कसे ते सीझनच्या फील्डवर अवलंबून. सेंटरस्टेजचं फील्ड आरशासारखं होतं, म्हणजे मध्यबिंदू शून्य धरला तर वाय निर्देशांक आणि हेडिंग (रोबोटच्या तोंडाची दिशा) यांचं चिन्ह बदललं की झालं. इन्टू द डीपचं (2024-25) मात्र 180 अंशात फिरवलेलं, तिथे एक्स-वाय दोन्हींची चिन्हं बदलायची आणि हेडिंगमध्ये 180 मिळवायचे. मागच्या वर्षीचं फंक्शन डोळे झाकून उचलू नका. आणि पाथ मेनूच्या आधी बनवून ठेवलेत तर तुम्ही काहीही निवडा, रोबोट जुन्याच पाथवर जाणार, म्हणून निवड पक्की झाल्यावरच पाथ बनवा.

पक्की करायला वेगळं बटण ठेवा, समजा वाय, आणि त्यानंतर बाकी बटणं बंद. गडबडीत कुणी काहीच निवडलं नाही तर डिफॉल्ट म्हणून सगळ्यात साधा ऑटो चालू दे: जागेवरून हलायचं आणि थांबायचं, बस्स. तसे थोडे पॉइंट गेले तरी चालतील, पण रेडचा ऑटो ब्लूच्या बाजूला सुटला तर काय होईल सांगता येत नाही.

स्क्रीनवर शेवटी एकच ओळ दिसू दे, 'रेड, डावीकडून, 3 सेकंद, पार्क आत, लॉक' अशी. ड्राइव्ह कोचने ती मोठ्याने वाचायची आणि रोबोट ठेवणाऱ्याने रोबोटकडे बघून हो म्हणायचं, आणि हे सगळं सेटअप संपायच्या आत, कारण ऑटो सुरू झाला की गेमपॅड खाली. टेलिऑप (ऑटोनंतर गेमपॅडने रोबोट चालवायचा भाग) आपोआप निवडला जावा म्हणून ऑटोच्या अ‍ॅनोटेशनमध्ये (कोडमध्ये ऑटोच्या वर लिहायची ओळ) प्रीसिलेक्ट टेलिऑप भरून टाका, मधल्या 8 सेकंदांत यादी शोधत बसावं लागत नाही.