कोरड्या खोकल्यासाठी नासपतीचा चिनी पाक

बीजिंगमध्ये जुलै-ऑगस्टचा पाऊस ओसरला की हवा झपाट्याने कोरडी होते. पारंपरिक चिनी वैद्यक शरद ऋतूचा संबंध फुप्फुसांशी आणि शुष्कतेशी जोडते. घशाची खवखव, कफ न पडणारा खोकला आणि फुटलेले ओठ ही त्या शुष्कतेची लक्षणे मानली जातात. त्यावरचा तिथला जुना घरगुती उपाय म्हणजे ‘छिउ ली गाओ’, अर्थात नासपतीचा रस आटवून केलेला, आपल्या अवलेहाच्या जवळ जाणारा घट्ट पाक. चिनी पंचांगातला शरद ७-८ ऑगस्टच्या सुमारास सुरू होतो. महाराष्ट्रात त्या वेळी सरी कोसळत असल्यामुळे तारखेपेक्षा हवा पाहावी आणि दिवाळीनंतर कोरडी थंडी सुरू झाली की हा पाक करावा.

दीड किलो रसाळ, करकरीत नासपती, ८० ग्रॅम सुके चिनी लाल खजूर (ते खरे तर बोराच्या जातीचे फळ आहे), २० ग्रॅम आले, १५० ग्रॅम खडीसाखर आणि साधारण ८० ग्रॅम मध घ्यावा. लाल खजूर मिळाले नाहीत तर ते वगळले तरी चालते. भांडे स्टीलचे किंवा मातीचे असावे. लोखंड आणि ॲल्युमिनियम चिनी परंपरेतही औषधी काढ्यासाठी टाळतात.

नासपती स्वच्छ धुऊन, मधला बियांचा भाग काढून, रस वाया जाऊ न देता थेट भांड्यातच किसावी. चिनी विचारानुसार नासपती थंड प्रकृतीची आहे आणि तिचा थंडावा पोटाला बाधू नये म्हणून उष्ण गुणाचे आले घालतात, त्यामुळे आल्याला फाटा देऊ नये. बिया काढलेल्या खजुराचे तुकडे, आल्याच्या चकत्या आणि खडीसाखर किसात मिसळून, झाकण ठेवून मंद आचेवर अर्धा तास शिजवावे. मग मिश्रण मलमलच्या कापडातून गाळून चोथा घट्ट पिळावा.

खरी कसोटी पुढे आहे. गाळलेला रस झाकण न ठेवता मंद आचेवर तासभर किंवा त्याहून अधिक वेळ आटवावा लागतो आणि शेवटच्या टप्प्यात, बुडबुडे मोठे व चिकट दिसू लागल्यावर, सतत ढवळावे लागते, नाहीतर साखर तळाला लागून सगळा पाक कडवट होतो. चमच्यावरून तो संथ, जाडसर धारेने ओघळू लागला की गॅस बंद करावा. मध मात्र पाक कोमट झाल्यावरच घालावा. उकळत्या पाण्याने धुऊन पूर्ण वाळवलेल्या काचेच्या बरणीत भरून फ्रीजमध्ये ठेवावा, दर वेळी कोरडा चमचा वापरावा आणि दोन-तीन आठवड्यांत संपवावा.

एक चमचा पाक कपभर कोमट पाण्यात मिसळून घोट-घोट प्यावा. बाजारी पाकात अनेकदा ‘छुआनपेई’ नावाचा औषधी कंद असतो. तो जाणकार वैद्याच्या सल्ल्याशिवाय घरी घालू नये. पातळ कफ, थंडी वाजणे किंवा जुलाब असताना चिनी वैद्यही नासपती देत नाहीत. मधुमेह्यांनी हा पाक टाळावा आणि त्यात मध असल्याने एक वर्षाखालील बाळाला तो कधीही देऊ नये. घशाला आराम देण्यापलीकडे त्याच्याकडून अपेक्षा ठेवू नये. खोकला तीन आठवड्यांहून अधिक टिकला, दम लागला किंवा थुंकीत रक्त दिसले तर डॉक्टरांना दाखवावे.