घरी हाय-फाय स्पीकर बनवताय? वूफर बदलायच्या आधी या चुका तपासा

स्पीकर जोडला, आवाज बोदा आला की बहुतेक जण पहिलं काय करतात तर वूफर, म्हणजे बेस वाजवणारा मोठा स्पीकर, बदलायला निघतात. थांबा जरा. महागडा वूफर आणला तरी बऱ्याचदा तोच बोदा आवाज येतो, कारण दोष बॉक्समध्ये किंवा वायरिंगमध्ये असतो आणि तो घरबसल्या सापडतो.

सगळ्यात मोठा घोळ लिटरचा, म्हणजे बॉक्सच्या आतल्या जागेचा. सुताराला माप देताना लोकं बाहेरचं माप देतात. समजा 30 बाय 20 बाय 25 सेंटीमीटरचा बॉक्स, हिशोबाला बरोबर 15 लिटर, पण 18 एमएमचा एमडीएफ लावला की प्रत्येक बाजूची जाडी वजा होऊन आत उरतात जेमतेम सव्वानऊ लिटर, आणि त्यातूनच परत वूफरचं मॅग्नेट, पोर्टचा (बेससाठी बॉक्सला ठेवलेल्या भोकाचा) पाईप, क्रॉसओव्हर (वूफर आणि ट्विटरला आवाज वाटून देणारं सर्किट) यांची जागा जाते. 15 लिटरसाठी कापलेला पोर्ट मग वरच्या फ्रिक्वेन्सीला ट्यून होतो आणि बेस नुसता घुमतो. इंजिनिअर नेव्हिल थिएल यांनी 1961 मध्ये आणि पुढे 1970 च्या दशकात रिचर्ड स्मॉल यांनी हे सगळं गणितात मांडून ठेवलंय, वूफरच्या डेटाशीटवरचे (कंपनीच्या माहितीपत्रकावरचे) एफएस, क्यूटीएस, व्हीएएस हे त्याचा स्वभाव सांगणारे आकडे त्यातलेच. विनआयएसडी हे बॉक्सचा हिशोब करणारं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, त्यात हे आकडे टाका आणि बघा. डेटाशीटच नसेल तर माझं स्पष्ट मत, पोर्ट अंदाजाने कापू नका, सील बॉक्स, म्हणजे पोर्ट नसलेला बंद बॉक्स करा.

सील बॉक्सची गळती तपासायची तर वूफरचा कोन (पुढचा हलणारा पडदा) बोटांनी हलकेच आत दाबून सोडा. सावकाश परत आला तर ठीक, फटकन आला तर कुठेतरी हवा जातेय. वूफरच्या रिंगखाली फोम टेप लावा, आतल्या कोपऱ्यांना सिलिकॉन भरा आणि ते पूर्ण वाळल्यावरच वूफर बसवा. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर असतो, दुपारी पत्र्याखाली फेविकॉल लावून पाट्या जुळवेपर्यंत वरचा थर सुकायला लागतो आणि जोड कच्चा राहतो, म्हणून हे काम सकाळी लवकर करा, क्लॅम्प रात्रभर ठेवा. कापताना मास्क लावाच, एमडीएफचा भुसा छातीला वाईट.

बेस गायब आणि गाणाऱ्याचा आवाज मधून येतच नाही? मग एका स्पीकरची प्लस-मायनस उलटी आहे. दीड व्होल्टचा सेल वूफरला क्षणभर लावा, प्लसला प्लस असेल तर कोन बाहेर येतो. ही टेस्ट ट्विटरवर (वरचे बारीक सूर वाजवणाऱ्या छोट्या स्पीकरवर) करू नका. आणि 12 डीबीच्या (दर सप्तकाला 12 डेसिबल आवाज कापणाऱ्या) क्रॉसओव्हरमध्ये ट्विटर बऱ्याचदा मुद्दाम उलटा जोडलेला असतो, तेव्हा सर्किट बघितल्याशिवाय तो सरळ करायला जाऊ नका.

मल्टीमीटरवर 8 ओहमचा वूफर 6 च्या आसपास दाखवतो, तो खराब नाहीये, मीटर फक्त डीसी रेझिस्टन्स मोजतो. पण दोन 4 ओहमचे पॅरलल जोडले तर 2 ओहम होतात, तिथे साधा अँप तापून बंद पडतो.

ट्विटर कपॅसिटरशिवाय कधीच जोडू नका, टेस्टिंगला सुद्धा नाही. 8 ओहमचा ट्विटर 3000 हर्ट्झपासून वर वाजवायचा तर कपॅसिटर साधारण 6.6 मायक्रोफॅरडचा येतो, बाजारात 6.8 चा मिळतो. नॉन-पोलर घ्या, पॉलिप्रॉपिलीन असेल तर उत्तम, अँपच्या सप्लायमधला काढलेला इलेक्ट्रोलायटिक चालणार नाही. क्रॉसओव्हरमधल्या दोन कॉइल शेजारीशेजारी एकाच दिशेला बसवल्या की एकमेकींत सिग्नल घुसवतात, एक आडवी आणि एक उभी ठेवा. आवाज टोचत असेल तर ट्विटरच्या आधी रेझिस्टर टाकून त्याची लेव्हल खाली आणा, वूफर आणि ट्विटरची सेन्सिटिव्हिटी (तेवढ्याच पॉवरला किती मोठा वाजतो ते) क्वचितच जुळते.

एवढं करून पण आवाज खणखणतो म्हणाल तर खोली बघा. शहाबादी फरशी, मोकळ्या भिंती, वर पत्रे, ट्विटरचा आवाज सगळीकडून आपटून येतो. जाड सोलापुरी चादरी घरात असतातच, एक घडी करून स्पीकरच्या समोर फरशीवर टाका, एक मागच्या भिंतीवर लावा. चादरीने बेस मात्र आवरत नाही, त्याला मागचा पोर्ट भिंतीपासून निदान फूटभर लांब ठेवा आणि अजून घुमत असेल तर पोर्टात फोम कोंबून ऐका.