क्यूएमएफ शिकताय? आधी 'रिसेट डेटा' शिका

दहावीपर्यंत मराठी शाळा, मग बेळगावात इंजिनिअरिंग, आणि आता खानापूरच्या घरून अमेरिकन क्लायंटचं मेनफ्रेम, म्हणजे मोठ्या कंपन्यांचा अजस्र संगणक. त्यावरच्या डेटाबेसमधून रिपोर्ट काढायचं आयबीएमचं क्यूएमएफ हातात आलं तेव्हा सुटलो म्हटलं. एसक्यूएलमध्ये, म्हणजे डेटाबेसच्या भाषेत, क्वेरी लिहा, चालवा, रिपोर्ट समोर. कोबोलमध्ये प्रोग्राम लिहिणं नको, कंपाइल नको. रिपोर्टची मांडणी ठरवणाऱ्या फॉर्ममध्ये एका कॉलमला ब्रेक१ (इथे गट पाड), दुसऱ्याला सम (बेरीज कर) लिहिलं की शाखावार बेरजा तयार. फॉर्म बदलला तरी क्वेरी पुन्हा चालवावी लागत नाही. हे खरंच भारी आहे. फक्त क्वेरीत ऑर्डर बाय, म्हणजे ओळी क्रमाने लावणं, विसरलात तर एकाच शाखेची बेरीज दहा ठिकाणी छापून येते.

आता माझी फजिती. रिपोर्ट दिसला म्हणजे क्वेरी संपली, असं मी धरून चाललो होतो. तसं नसतं. सहसा पहिल्या १०० ओळी आणून क्यूएमएफ स्क्रीन दाखवतं. बाकीच्या तुम्ही एफ८ दाबत खाली जाल तशा येतात. तोवर कर्सर, म्हणजे ओळी आणणारा दुवा, उघडा; टेबलावरचा लॉकही तसाच, म्हणजे दुसऱ्याला तिथे बदल करता येत नाही. मी वरचं एक पान बघितलं आणि दुपारी जेवायला उठलो. तिकडे तेव्हा रात्र, म्हणजे बॅचची, एकगठ्ठा आपोआप चालणाऱ्या जॉबची वेळ. अपडेटचा जॉब लॉक न मिळाल्याने मायनस ९११ हा एरर देऊन पडला. पुन्हा लावला, पुन्हा पडला. फोन आला तेव्हा माझा हात आमटीभातात. पलीकडे बेंगळुरूचे ऑपरेटर: "बागिलु हाकप्पा!" दार लाव बाबा.

म्हणून काम झालं की रिसेट डेटा ही कमांड द्या. ती कर्सर बंद करून लॉक सोडते; तेच आमचं दार लावणं. चहाला उठतानाही. हो, चहालाही! सगळ्या ओळी हव्या असतील तर बॉटम ही कमांड द्या, पण मोठ्या टेबलावर आधी क्वेरीत वेअरची अट घाला, नाहीतर मेमरी संपते. आणि आमच्याकडे पावसात नेट गेलं की सेशन तिकडे लॉक धरून तसंच लटकतं. परत लॉगऑन करून आधी ते सेशनच सोडवा.

ग्राफचं फार मनावर घेऊ नका. डिस्प्ले चार्ट दिलं की जीडीडीएम हे मेनफ्रेमचं ग्राफिक्स सॉफ्टवेअर बार चार्ट, पाय चार्ट काढून देतं. आपल्या पीसीवर मेनफ्रेमची स्क्रीन दाखवणाऱ्या एम्युलेटरला ग्राफिक्स येत नसेल तर तेही नाही. शाखा वीस झाल्या की नावं एकमेकांवर चढतात. मी आकडे एक्सेलमध्ये नेतो.

प्रॉम्प्टेड क्वेरीच्या नादी मात्र लागू नका. मेन्यूतून निवडत राहिलात तर दोन वर्षांनीही जॉइन, म्हणजे दोन टेबलं जोडणं, जमणार नाही. इंटरव्ह्यूच्या पीडीएफ पाठ करणारे बरेच बघितलेत. मला पीपीटी पाठवणाऱ्या सीनियरपेक्षा फोनवर झापणारे ऑपरेटर जास्त उपयोगी पडले. नोकरी गेली नाही माझी. अजूनही दुपारी जेवायला बसलो की आई विचारते, "ते दार लावलंस का रे?"