इंजिनिअरिंगच्या पोरांना एथिक्स शिकवताय? या चुका टाळा (मी सगळ्या करून झाल्यात)

बायोमेडिकलच्या थर्ड इयरला प्रोफेशनल एथिक्स माझ्याकडे आलं ते केवळ माझ्या टाइमटेबलमध्ये जागा होती म्हणून, तेही शनिवारचं शेवटचं लेक्चर. पहिल्या वर्षी मी जे बहुतेक सगळे करतात तेच केलं, पीपीटी लावली, माणसांवरच्या प्रयोगांचे नियम म्हणजे न्यूरेंबर्ग कोड १९४७, बेल्मॉन्ट रिपोर्ट १९७९, मग व्याख्या, आणि पोरं मागच्या बाकांवर दुसऱ्याच विषयाची जर्नल्स उतरवत बसली. पेपरात मात्र सगळ्यांना झकास मार्क. तेव्हा ट्यूब पेटली की नुसत्या घोकंपट्टीवर हा विषय निघत असेल तर मी काहीच शिकवलेलं नाही.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे केसचा शेवट आधीच सांगून टाकणं. थेराक-२५ तर सगळेच शिकवतात, कॅन्सरच्या पेशंटना रेडिएशन देणारं कॅनडाच्या कंपनीचं मशीन, १९८५ ते ८७ मध्ये सहा जणांना भयंकर ओव्हरडोस. हे असं स्लाइडवर आलं की पोरांचा निकाल लागलेलाच असतो, कंपनी नालायक, प्रोग्रॅमर बेजबाबदार, पुढची स्लाइड घ्या सर.

त्यापेक्षा पोरांना ऑपरेटरच्या खुर्चीत बसवा. मार्च १९८६, टेक्सासमधलं टायलर. मशीन दोन प्रकारचे किरण देतं, तुम्ही इलेक्ट्रॉनसाठी ई दाबायचं ते चुकून एक्स-रेचं एक्स दाबलंत, लगेच लक्षात आलं, कर्सर वर नेऊन दुरुस्त केलंत, हात सरावाचा असल्यामुळे सगळं काही सेकंदांत. बीम सुरू केला तर मशीन थांबलं आणि स्क्रीनवर नुसतं 'मालफंक्शन ५४'. असले मेसेज नेहमीचेच, पी दाबलं की गाडी पुढे जाते. स्क्रीन तर म्हणतेय डोस कमीच गेलाय. आणि त्या दिवशी पेशंटच्या खोलीतला कॅमेरा पण बंद आणि इंटरकॉम पण बंद. बोला, काय दाबणार? निम्मा वर्ग पी म्हणतो. खरं सांगायचं तर मी पण पीच दाबलं असतं, आणि त्या ऑपरेटरनेही तेच केलं. ओव्हरडोस पहिल्या वेळीच गेला होता, पी दाबल्यावर पेशंटला दुसरा झटका बसला, पाच महिन्यांनी तो गेला.

मग टेक्निकल भाग काढायचा, आणि इथे कोडिंगवाली पोरं खडबडून जागी होतात. बीम वळवणारे मॅग्नेट सेट व्हायला साधारण ८ सेकंद लागायचे, तेवढ्यात केलेली दुरुस्ती सॉफ्टवेअरच्या एका भागाला कळायची आणि दुसऱ्याला नाही. तसाच बग आधीच्या थेराक-२० मध्येही होता, पण तिथे वेगळे हार्डवेअर इंटरलॉक, म्हणजे धोका असला की बीम अडवणारी यंत्रणा, होते म्हणून फक्त फ्यूज उडायचा. २५ मध्ये सॉफ्टवेअरवर भरवसा ठेवून ते इंटरलॉक काढून टाकले. कंपनी म्हणत होती ओव्हरडोस शक्यच नाही, शेवटी हॉस्पिटलचा फिजिसिस्ट आणि ती ऑपरेटर दोघं बसून पुन्हापुन्हा तेच टाइप करत राहिले आणि एरर परत आणून दाखवली. एवढं झालं की "इंटरलॉक काढायच्या मीटिंगमध्ये तू असतास तर?" असं विचारा, एथिक्स हा शब्द न उच्चारता.

दुसरी चूक आपल्याच लॅबमध्ये घडते. फायनल इयर प्रोजेक्टला ईसीजी मोजणारं एडी८२३२ नावाचं छोटं सर्किट बोर्ड घेतात, मित्राच्या छातीला इलेक्ट्रोड, आणि लॅपटॉप चार्जिंगला लावलेला! आपण इकडे कन्सेंटवर (पेशंटच्या संमतीवर) लेक्चर देतोय आणि तिकडे पोरगा भिंतीतल्या विजेला जोडल्यासारखा बसलाय. चार्जर काढा, बॅटरीवर चालवा, आयसोलेशनचा, म्हणजे माणूस मेन्सच्या विजेपासून वेगळा ठेवण्याचा, विषय तिथेच काढा. आणि हो, "कोण येतंय पुढे?" असं मी बिनधास्त विचारायचो, तर एकदा जो पोरगा हसत हसत आला त्याचा ईसीजीचा आलेख प्रोजेक्टरवर वेडावाकडा दिसला, वर्ग हसला, तो नाही. इलेक्ट्रोड नीट चिकटला नव्हता एवढंच कारण, पण तोवर व्हायचं ते झालं होतं. ज्याचे इंटरनल मार्क माझ्या हातात तो मला नाही कसा म्हणणार? आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या गाइडलाइन्स अशा दबावाखालच्या विद्यार्थ्यांना खास संरक्षण लागणाऱ्यांमध्येच धरतात. आता मी सिम्युलेटर वापरतो, नाहीतर सरळ माझ्याच छातीला लावतो.

सगळी उदाहरणं अमेरिकेची देणं ही तिसरी चूक, पोरांना वाटतं हे आपल्याकडे कशाला. डीपुय कंपनीचा एएसआर हिप, म्हणजे खुब्याचा कृत्रिम सांधा, घ्या ना. मेटलवर मेटल घासून कोबाल्ट आणि क्रोमियम रक्तात, ऑगस्ट २०१० मध्ये जगभर रिकॉल, २०११ मध्ये महाराष्ट्राच्या एफडीएने (अन्न व औषध प्रशासनाने) पोलिसात तक्रार दिली. भारतात सुमारे ४,७०० सर्जरी झालेल्या, पण नंतर कितीतरी पेशंट सापडेचनात. इथे पोरांना काम द्या, असा सांधा बसवलेला माणूस १० वर्षांनी कसा शोधायचा ते डिझाइन करून आणा. प्रायव्हसीची भांडणं आपोआप सुरू होतात.

पल्स ऑक्सिमीटरचं पण थोडक्यात सांगून टाका, डिसेंबर २०२० मध्ये मिशिगनचा अभ्यास आला, रीडिंग ठीक दिसत असूनही ऑक्सिजन खरंच कमी असलेले कृष्णवर्णीय पेशंट ११.७ टक्के निघाले, गोरे ३.६ टक्के. मग हळूच विचारा की तुमचं प्रोजेक्ट कोणाकोणावर टेस्ट केलंत. उत्तर ठरलेलं, हॉस्टेलवरची चार पोरं.

आता वर्गात सगळे एकसुरात "मी राजीनामा देईन" म्हणायला लागले तर समजा प्रश्न चुकलाय. आपण चॅलेंजर या अवकाशयानाच्या रॉकेटवर काम करणाऱ्या इंजिनिअर रॉजर बॉइजॉलीला हीरो करून सोडतो, यान फुटलं त्याच्या आदल्या रात्री, २७ जानेवारी १९८६ ला, त्याने लाँच नको म्हणून सांगितलं वगैरे, पण नंतर कंपनीत तो एकटा पडला हे सांगत नाही. घरी लोनचा हप्ता आहे, नोकरीला तीन महिने झालेत, टीम लीड म्हणतोय दोन टेस्ट फेल आहेत त्या रिपोर्टमध्ये घेऊ नको, तर उद्या सकाळी नक्की काय करणार? मेल लिहा, मला दाखवा. पाच ओळींचा तो मेल लिहिताना पोरांना घाम फुटतो.

आणि परीक्षेत व्याख्या विचारू नका. मी मागच्या वेळी विचारलं, 'मालफंक्शन ५४' ऐवजी स्क्रीनवर काय लिहाल? बहुतेकांनी लांबलचक वॉर्निंग लिहिली, एकीने एवढंच लिहिलं: "थांबा. डोस किती गेला माहीत नाही. आत जाऊन पेशंटला बघा." आणि खाली कंसात, पी बटण बंद.