डिजिटल केबल बदलण्याआधी काय तपासाल?

महागडी केबल लावली की आवाज सुधारतो असं अनेकजण म्हणतात, पण डिजिटल केबलने आवाज गोड होत नाही आणि बेसही भरीव होत नाही. रेकॉर्डिंगच्या कामात रोज या केबली हाताळते, म्हणून ठामपणे सांगते. केबल खरंच बिघडली तर आवाज जरासा फिका पडून थांबत नाही. टकटक येते, मध्येच तुटतो किंवा गपगार होतो. यूएसबीवर तर चुकलेला ऑडिओ डेटा पुन्हा पाठवलाच जात नाही, त्यामुळे बिघाड लपून राहत नाही.

ऑप्टिकल (प्रकाशातून डेटा नेणारी) केबल असेल तर टोकांवरच्या प्लास्टिकच्या टोप्या काढल्यात ना, ते आधी बघा. एक टोक चालू प्लेअरला लावून दुसरं तळहातासमोर धरा. लाल ठिपका उमटला पाहिजे. अंधूक वाटला तर टोक कोरड्या मऊ कापडाने पुसा आणि केबल कुठे मुडपली आहे का तेही पाहा. 96 किलोहर्ट्‌झपर्यंत सॅम्पल रेट (सेकंदाला घेतलेले आवाजाचे नमुने) असला तर ती सहसा कुरकुरत नाही, 192 ला बऱ्याचदा अडखळते. कोअ‍ॅक्सियल (धातूच्या तारेची डिजिटल केबल) 75 ओहमचीच घ्या. यूएसबी 2.0 ची केबल 5 मीटरच्या आत ठेवा.

खरी गोम आहे घरघरीत. धातूच्या तारेतून डेटासोबत संगणकाचा विजेचा गोंगाटही ग्राउंडवाटे डॅकपर्यंत (डिजिटल डेटाचा ऐकण्याजोगा सिग्नल करणारं उपकरण) पोचतो. बिट तसेच राहतात, पण गोंगाट अ‍ॅनालॉग भागात शिरतो. गाणं थांबवा, अ‍ॅम्पचा व्हॉल्यूम हळूहळू वाढवा आणि स्पीकरजवळ जाऊन ऐका. माउस हलवल्यावर चिरचिर बदलते? लॅपटॉपचा चार्जर काढल्यावर गुणगुण थांबते? मग महागडी यूएसबी केबल घेऊन उपयोग नाही, ऑप्टिकल लावा. तिच्यातून वीज जातच नाही, त्यामुळे त्या वाटेचा ग्राउंड लूप (गोंगाट फिरवणारं ग्राउंडचं वर्तुळ) तुटतो. गाणं पुन्हा सुरू करण्याआधी व्हॉल्यूम खाली आणायला मात्र विसरू नका!

जिटरचं, म्हणजे डेटाच्या वेळेतल्या सूक्ष्म डळमळीचं म्हणाल, तर कोअ‍ॅक्सियल आणि ऑप्टिकलमध्ये डॅक येणाऱ्या सिग्नलवरूनच आपलं क्लॉक (वेळेचा ठेका) जुळवतो, म्हणून केबलमुळे फरक पडेल ही शंका अगदीच निराधार नाही. पण चांगला डॅक तो बराचसा गाळून टाकतो. असिंक्रोनस यूएसबीत क्लॉक डॅकचंच चालतं.

तरीही मन मानत नसेल तर एकच फाइल दोन्ही केबलींनी वाजवून डिजिटल इनपुटवर रेकॉर्ड करा. वाजवणाऱ्या संगणकाचा व्हॉल्यूम पूर्ण ठेवा, इक्वलायझर बंद करा आणि रेकॉर्डिंगचं क्लॉक त्या इनपुटला बांधा. दोन्ही ट्रॅक सॅम्पलला सॅम्पल जुळवा, एकाची पोलॅरिटी (लहरीचं वर-खाली) उलटी करा आणि एकत्र वाजवा. निव्वळ शून्य उरलं तर दोन्ही केबलींनी तोच डेटा पोचवला. मधूनच एखादी टोकदार टिचकी उरली तर केबल किंवा जोडणी संशयित. सबंध गाणंच पुसटसं ऐकू येत असेल, तर ट्रॅक नीट जुळलेले नाहीत किंवा कुठेतरी रीसॅम्पलिंग (सॅम्पल रेट बदलणं) चालू राहिलं आहे. ते शोधा, केबलला हात लावू नका.